रविवारी 'द रिंग': प्रती सोबत आणा

सभासदहो,

रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत हिचकॉकचा मूकपट 'द रिंग' (१९२७). जत्रेत ठोसे मारून पोट भरणारा 'वन राउंड जॅक', त्याची बायको आणि तिच्या दंडावरचं सापाच्या आकाराचं कडं. नावातली रिंग म्हणजे मुष्टियुद्धाचं रिंगण, लग्नाची अंगठी आणि ते कडंसुद्धा! पटकथेचं श्रेय एकट्या हिचकॉकला आहे, संग्राहक त्यासाठीच जीव टाकतात. नायक कार्ल ब्रिसन मूळचा मुष्टियोद्धा, त्यामुळे ठोसे खोटे वाटत नाहीत.

जुन्या डिस्क असतील त्यांनी जरूर आणाव्यात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या २०१२च्या दुरुस्त प्रतीशेजारी लावून पाहू. (माझी स्वस्तातली प्रत धुरकट आहे, हसू नये.) गप्पा मध्यंतरातच.