बाळंतीण माहेरी गेली तरी भेटी चुकू नयेत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस
सविनय नमस्कार.

खानापूर, बेळगाव, निपाणी भागात पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. ते माहेर पुष्कळदा चंदगड-गडहिंग्लजकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचे सरकारी कार्ड) इकडचे, बाळंतपण तिकडे. इकडच्या आशाताईकडे ती ‘गावात नाही’ आणि तिकडच्या आशाताईच्या वहीत तिचे नावच चढत नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईची घरी भेट व्हायला हवी. चुकतात त्या बहुधा पहिल्या दोन, आणि धोका नेमका तेव्हाच असतो. रक्तदाब बाळंतपणानंतरही चढतो, झटके येतात. डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरचे अशक्तपणा म्हणून सोडून देतात.

म्हणून प्रत्येक गरोदर बाईमागे आशाताई, अंगणवाडी सेविका, सिस्टर आणि उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी अशी एकच टीम असावी. सातव्या महिन्यात घरी बसूनच ठरवावे: बाळंतपण कुठे, सोबत कोण, रक्त लागले तर कोण देणार. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात फोन लागत नाही, 108 कशी बोलावणार? गावातलीच गाडी आधी सांगून ठेवावी लागते. बाई माहेरी निघाली की तिथल्या आशाताईला बाळंतपणाची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटचा रक्तदाब कळवावा. हद्द ओलांडून असे कळवण्यासाठी बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी आदेश लागतील. कोल्हापूरचा आदेश महाराष्ट्र सरकारकडून यावा लागेल; त्यांच्याशी बोलण्याचे काम तुमच्याच पातळीवरचे आहे.

भेटीत सासूबाईंनाही समोर बसवावे. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही रोज एक, 180 दिवस. कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन तासांचे अंतर हवे, चहाबरोबर तर नकोच. बंद खोलीत शेगडी-धुरी नको, धूर बाळाच्या छातीत जातो. बाळंतिणीचे पाणी तोडू नये. बाळाचे वजन पहिल्या दिवसांत थोडे उतरते, पण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवे. झोळीचा काटा नसेल तर हे कळणार कसे? तो प्रत्येक आशाताईकडे, चालू स्थितीत हवा. दोन आठवडे उलटूनही बाई रडत असेल, बाळ झोपले तरी तिला झोप नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरच्यांनाच लावून द्यावा.

आणि तायी कार्डावर धोक्याची लक्षणे मराठीतही छापा. रात्री कार्ड हातात असते ते सासूच्या किंवा आईच्या, आणि सीमाभागात त्यांतल्या अनेकींना कन्नड वाचता येत नाही.

सुरुवात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यापासून, पावसाळ्याआधी व्हावी.

आपले,
सीमाभागात माता-बाल आरोग्याचे काम करणारे कार्यकर्ते