बाबांचा गुडघा आणि आईचा प्रश्न

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबांचं एकच पालुपद चालू होतं, गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला दोन-तीन भोकं पाडायची त्यात काय एवढं, आणि मागून आई म्हणत होती की मग माझेही गुडघे एकदमच करून घेऊया, त्यात रेंज जात-येत होती, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवते. दोघांनी वाचा. बाबांनी चष्मा लावून.

बाबा, पाखाडीवर पाय मुरगळल्यापासून तुमचा गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही, ते आतली गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात आलाय म्हणून. एमआरआयमधे तेच दिसलंय. मेनिस्कस म्हणतात तिला, प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधे पुढून एक सेंटीमीटरपेक्षाही छोटी दोन-तीन छिद्रं करतात, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यारं, आणि आत सलाईनचं पाणी सोडून सांधा फुगवतात म्हणजे डॉक्टरांना स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं. तुम्ही म्हणालात ना की ही नवीन फॅडं आहेत, तर टोकियोच्या केन्जी ताकागी नावाच्या डॉक्टरांनी १९१८ साली मूत्राशय बघायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली होती! इतकं हे जुनं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, बागेत कधी जाणार. ते आज कोणीच सांगू शकत नाही, डॉक्टरसुद्धा आत बघितल्यावरच सांगतील. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथे फाटली असेल तर टाके घालून जोडता येते, आतल्या भागाला रक्तच मिळत नाही, तो जुळत नाही, म्हणून फाटलेला भाग कापून कड गुळगुळीत करतात. नुसतं कापलं तर बहुतेकांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी आधाराने चालवतात आणि चार ते सहा आठवड्यांत बरंचसं पूर्ववत होतं. पण टाके घातले तर चार-सहा आठवडे कुबड्या, पट्टा, गुडघा ठरावीक अंशापर्यंतच वाकवायचा, आणि उकिडवं बसणं तर काही महिने नाहीच. गंमत म्हणजे बाहेरून दोन्हीची भोकं सारखीच दिसतात, त्यामुळे शेजारच्या काकांनी आठव्या दिवशी स्कूटर चालवली हे मला सांगू नका, त्यांचं काय केलं होतं ते आपल्याला माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायचं, साधारण सहा तास आधीपासून खाणं बंद, पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील आणि तेच ऐकायचं, "घोटभर चहाने काय होतंय" नको. बहुतेक कमरेत इंजेक्शन देतील, पाय काही तास बधिर राहतील, लघवीला थोडा त्रास होऊ शकतो, तो लाजून लपवायचा नाही, नर्सला सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती आधीच सांगा, आपणहून बंद पण करू नका आणि चालू पण ठेवू नका. पट्टीवर पहिल्या दिवशी लालसर पाणी आलं तर घाबरू नका, आत सोडलेलं पाणीच थोडं झिरपतं. मांडी पण दुखेल, रक्त थांबवायला वर पट्टा आवळतात त्याने.

घरी आल्यावर पाय उशीवर वर ठेवायचा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातनं तीन-चार वेळा. कातडीवरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी. आणि व्यायाम, बाबा, व्यायाम! पाऊल वरखाली करणं, मांडी आवळून धरणं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पाय सरळ उचलणं. मांडीचा स्नायू ऑपरेशननंतर रुसून बसतो, त्याला हलवला नाही तर गादी दुरुस्त होऊनही तुम्ही लंगडतच राहणार. मागच्या दारी जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय ते आधी खरवडून घ्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या आणि संडासाला खुर्ची लागेल, ती मी चिपळूणहून घेऊन येते.

पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखायला लागली, किंवा ताप आला, जखम लाल झाली, पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनही नाही, सरळ हॉस्पिटल, रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते.

आई, आता तुझं. तुझे गुडघे अडकत नाहीत, ते झिजलेत, आणि झिजेला ही दुर्बीण उपयोगी नाही. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला १८० जणांवर तपासलं होतं, काहींचे गुडघे खरंच आतून धुतले, साफ केले, आणि काहींना नुसत्या वरवर चिरा देऊन टाके घातले, तर दोन वर्षांत दोघांच्या दुखण्यात फरकच नाही. म्हणून कोणी "धुवून घेऊया" म्हटलं तरी हो म्हणू नकोस. तुला मांडीचे व्यायाम, सपाट रस्त्यावर चालणं, थोडं वजन कमी, आणि खाली विळीवर बसून नारळ खोवणं बंद. ओट्यावर लावायची खोवणी आणते. चिडू नकोस, खाली बसल्याशिवाय नारळ खोवल्यासारखा वाटत नाही हे मला माहीत आहे.

मी शुक्रवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघते, शनिवारी सकाळी चिपळूणला उतरून खरेदी करून घरी येते. एमआरआयची फिल्म, जुने एक्सरे, दोघांच्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून ठेवा. हॉस्पिटलला एसटीने जायचं नाही, गाडी सांगितलीय.

तुमची,
ताई