छबूस पत्र: कृष्णपुऱ्याच्या छत्र्या

इंदूर, रविवार, रात्री साडेदहा

प्रिय छबू,

अजून नखांत निळा रंग आहे. साबणाने दोनदा घासलं तरी गेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही. आज मी चित्र काढलं गं! अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या वहीतला बेडूक, हृदय, जास्वंदीचा छेद, सगळं तू काढून दिलं होतंस. "हिचा हात चित्राचा नाही" हे वर्गासमोर ऐकल्यापासून मी चित्रासाठी पेन्सिल धरलीच नव्हती, तुला ठाऊकच आहे.

लेक मागे लागली म्हणून गेले. दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ, एक लांब टेबल, आम्ही बारा जण. कॉलेजची पोरं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, माझ्या शेजारी एक सिंधी बाई. प्रत्येकापुढे जेसो, म्हणजे रंगाआधीचा पांढरा अस्तर-थर, लावलेला छोटा कॅनव्हास आणि कागदी प्लेटमध्ये ॲक्रिलिक रंगांचे वाटाण्याएवढे ठिपके. सगळ्यांचं चित्र एकच: कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांची ती घुमटांची स्मारकं, संध्याकाळची वेळ, कान्ह नदीत प्रतिबिंब.

शिकवणारी मुलगी आपल्या लेकींच्या वयाची. म्हणाली, "जो सबसे दूर है, वो सबसे पहले." म्हणजे आधी आकाश. माझं केशरी आकाश सुरेख उतरलं, आणि पंख्याखाली पाच-सात मिनिटांत वाळून काळवंडलं. माझा चेहरा पडलेला बघून ती जवळ आली. ॲक्रिलिकमध्ये रंगाची पूड ज्या चिकात कालवलेली असते तो ओला असताना दुधी असतो. पाणी उडालं की तो पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद दिसतो. तेव्हा मिसळतानाच थोडा फिका ठेवायचा.

छत्रीसाठी तिने ट्यूबमधला काळा घेऊ दिला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र केले की काळ्याच्या जवळचा, पण जिवंत असा रंग होतो. त्याने घुमट काढला तो साफ वाकडा. पोटात तेच जुनं काहीतरी हललं. ती एवढंच म्हणाली, "सूखने दो, आंटी." लहानपणी वॉटरकलर सुधारायला गेलं की कागदाचा चिखल व्हायचा, आठवतं? इथे वाळलेला थर पाण्याने हलत नाही. मी त्या घुमटावरून पुन्हा आकाश रंगवलं, पांढरा जरा जास्त घालून, आणि नव्याने घुमट बसवला. आता कॅनव्हासवरून बोट फिरवलं की जुन्या घुमटाची कड लागते. मी मघापासून तिथेच बोट फिरवते आहे.

चहा आला तेव्हा बोलण्याच्या नादात माझा एक ब्रश पाण्याबाहेर राहिला आणि त्याचे केस काडीसारखे कडक झाले. स्टुडिओचा होता, फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी नवा नेऊन देईन.

शेवटी बाराही कॅनव्हास भिंतीशी ओळीने लावले. ट्यूब त्याच, पण संध्याकाळी बारा! काकांचं आकाश हिरवट, सिंधी बाईंची नदी छत्र्यांहून मोठी. कितीतरी वेळ कुणी हललंच नाही.

येताना मनात आलं, याच गावात १९२७ साली देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रशाळा सुरू झाली. चित्रकार बेंद्रे, हुसेन तिथे शिकले. त्यांना तेव्हा हे रंग मिळाले नसते, ॲक्रिलिक बाजारात आले ते १९५० च्या दशकात. तेलरंगात वाकडा घुमट वाळायलाच कितीतरी दिवस गेले असते. अशा गावात जन्म काढून मी मात्र चित्रांच्या दारात कधी उभी राहिले नव्हते.

दिवाळीत तू येशील तेव्हा दोन खुर्च्या सांगून ठेवते. जुना सुती ड्रेस आण, वाळलेला रंग कापडावरून निघत नाही. आणि बेडूक या वेळी मी काढणार.

तुझी,
बेबी