पाककृती १५ जणांच्या हिशोबाने द्या की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी सगळ्यात आधी उघडते, अग्रलेख वगैरे दुपारी जेवण झाल्यावर, म्हणून जरा हक्काने लिहितेय. मध्यंतरी 'घरगुती पार्टी स्पेशल' म्हणून ज्या कृती छापल्यात त्यात झुकिनी होती, मोझरेला होतं, ऑरिगॅनो तर असतंच, आणि प्रत्येक कृतीखाली 'चार जणांसाठी' असं लिहिलेलं. अहो चार जण म्हणजे आम्ही घरातलेच झालो की, त्याला पार्टी कोण म्हणतं. आमच्याकडे पार्टी म्हणजे दीर-जाऊबाई, त्यांची पोरं, नणंदबाई आल्या तर त्यांच्या सासूबाई, शेजारचे दोघं ज्यांना बोलावलं नाही तर बरं दिसत नाही, असे मिळून १५ च्या आसपास डोकी होतात आणि गॅस असतो दोन बर्नरचा.

या १५ जणांचा हिशोब पेपरात कधी येतच नाही. चार जणांच्या कृतीला चाराने गुणलं की झालं असं लिहिणाऱ्यांना वाटत असावं, पण तसं होत नाही ना. तांदूळ, बटाटे, कांदे गुणता येतात. फोडणीचं तेल, हिंग, गरम मसाला, मिरची चाराने गुणलीत तर पाहुणे जेवण सोडून पाणी मागत बसतील, त्याला अडीच-तीन पट पुरे होतं. पाण्याची तर वेगळीच गंमत, मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी उडते, म्हणून एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे बरोबर असलं तरी ६ वाट्यांना १२ घातलं की मसालेभाताचा आसट भात होतो, ११ मध्ये भागतं. आणि ते 'चवीनुसार मीठ'! चार जणांच्या भाजीत ठीक आहे, चाखून बघता येतं, पण पातेलंभर भाताला चवीनुसार म्हणजे काय, कच्चे तांदूळ चावून बघायचे? सरळ लिहा की एका वाटी तांदळाला चहाचा एक सपाट चमचा मीठ, भाज्या भरपूर असतील तर वर एखादा. वाटी पण कुणाची ते सांगा, माझ्या सासूबाईंच्या वाटीत माझ्या दोन वाट्या बसतात. ग्रॅममध्ये दिलंत तर भांडणच मिटलं, हल्ली वजनकाटा बऱ्याच घरी असतो आणि नसला तर किराणावाला मोजून देतोच.

दुसरं ते 'फक्त दहा मिनिटांत'. साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं उकडून सोललेले बटाटे, भिजवून वाटलेली उडीद डाळ, खवलेला ओला नारळ एक वाटी. म्हणजे डाळ चार-पाच तास कुणीतरी भिजत घातली, वाटली, नारळ फोडून खवला, बटाटे सोलले, आणि मग जी दहा मिनिटं उरली तेवढीच छापली. एकदा तो नारळ खवणाऱ्या माणसाचा वेळ पण धरा हो यादीत.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. पार्टीसाठी म्हणून जे पदार्थ सुचवले जातात त्यातले निम्मे असे की करणारीला शेवटपर्यंत गॅससमोर उभं करतात. बटाटेवड्यांचंच घ्या. १५ माणसं, माणशी तीन वडे धरले तर ४५, घरच्या कढईत एका वेळी सहा बसतात, त्याहून जास्त टाकले तर तेल गार पडतं आणि वडे तेल पितात. एका घाण्याला पाच मिनिटं. म्हणजे आठ घाणे, ४० मिनिटं नुसती झाऱ्याशी, आणि बाहेर हशा-गप्पा चाललेल्या, मधूनच कुणीतरी डोकावून म्हणणार, "अगं ये ना तू पण, काय करतेयस आत?" डोश्याचं तर विचारूच नका. माणशी तीन म्हटले तरी ४५ डोसे, एकाला तीन मिनिटं, तवा एक, सव्वादोन तास! पहिल्याचा ढेकर देऊन झालेला असतो तेव्हा शेवटच्याला पहिला डोसा मिळतो. पुऱ्या, कांदाभजी, थालीपीठ सगळं त्याच जातीचं. चविष्ट आहे, मान्य, मला पण आवडतं, पण ते चार जणांच्या घरचं खाणं आहे, १५ जण येणार असतील त्या दिवशी नाही करायचं. आणि गॅसशी कोण उभं राहतं हे मी वेगळं सांगायला नको, दादालोक पत्ते पिसत असतात.

तेव्हा पार्टीची कृती निवडतानाच एक चाळणी लावा, पाहुणे आल्यावर किती वेळ गॅसशी जाणार. अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर तो पदार्थ त्या पानावर नको. या चाळणीतून आपले साधे पदार्थ किती मस्त पार होतात बघा.

मसालेभात. १५ जणांना तोच मुख्य असेल तर सव्वा किलो तांदूळ (आंबेमोहोर असेल तर फारच छान, नाहीतर कोलम), तोंडली पाव किलो, मटार सोललेले पाव किलो, छोटी वांगी पाव किलो, गोडा मसाला पाच चमचे पोह्यांचे, त्यातले दोन तांदूळ परतताना आणि बाकीचे पाणी घातल्यावर. काजू घालायचे तर घाला, मी शेंगदाणे घालते. पातेलं मात्र आठ लिटरचं हवं, कारण सव्वा किलो तांदळाचा शिजून साडेतीन किलोच्या वर भात होतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये हे कोंबायला जाऊ नका, भात-डाळ फुगतात म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. पातेलं नसेल तर दोन खेपा करा नाहीतर सोसायटीत कुणाकडून तरी आणा. पाणी उकळतं घालायचं, थंड पाणी घातलं की तांदूळ चिकट होतात. एकदा पाणी आटलं की खाली तवा ठेवून मंद आचेवर २० मिनिटं झाकण, आणि ते झाकण उघडून उघडून बघायचं नाही. पाहुणे यायच्या तासभर आधी झालं तरी चालतं, जाड चादरीत गुंडाळून ठेवलं की पातेलं गरम राहतं. वर खोबरं-कोथिंबीर आणि तूप ज्याचं त्याने घ्यावं. सोबत मठ्ठा, पापड, काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी, आधी घातलं की पाणी सुटतं.

पावभाजी तुम्ही छापता, पण बटाटे चार, टोमॅटो तीन असली. १५ जणांना लागतात बटाटे दीड किलो, टोमॅटो किलोभर, कांदे पाऊण किलो, फ्लॉवर आणि सोललेले मटार अर्धा अर्धा किलो, ढोबळी पाव किलो, भाजीतलं बटर दोनशे ग्रॅम आणि पावांचं वेगळं, पाव ५०. लाल रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी मिरच्या १५ गरम पाण्यात भिजवून दोन गड्डे लसणाबरोबर वाटा, बाजारचा रंग लागत नाही. भाजी सकाळीच करून ठेवली तर संध्याकाळी मुरून जास्त चांगली लागते, घट्ट होते तेव्हा गरम पाणी घालायचं, गार नाही. भाजीवर जाणारा कांदा मात्र आयत्या वेळीच चिरा, सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्याला वास येतो.

मिसळीचं वेळापत्रकच द्या, कृती सगळ्यांना माहितीये. रविवारी सकाळी मिसळ हवी तर मटकी शुक्रवारी रात्री भिजत, शनिवारी सकाळी फडक्यात बांधून, थंडी असेल तर भिजवायचं शुक्रवारी सकाळीच. कोरडी पाऊण किलो घेतली की १५ जणांना रग्गड होते. कटाचं वाटण शनिवारी रात्री. रविवारी सकाळी फक्त फोडणी आणि उकळी, फरसाण बाहेरून. भेळेला चुरमुरे अर्धा किलो पुरतात, किलोभर आणलेत तर आठवडाभर डब्यात मऊ पडतात. चिंच-गुळाची चटणी फ्रीजमध्ये आठवडाभर राहते म्हणून ती बुधवारीच.

आता माझ्या माहेरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माहेर जळगावकडचं, आणि तिथे थंडीत लोक एकमेकांना बोलावतात तेच मुळी भरीत खायला. शेतात जमायचं, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या आणि त्यात ती हिरवी, पांढरट रेघांची मोठी वांगी भाजायची. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळालंय. इथे चिंचवडच्या फ्लॅटमध्ये कुठल्या काड्या पेटवणार, पण गॅसवर सुद्धा जमतं. १५ जणांना साडेतीन किलो वांगी. निवडताना हातात हलकं लागेल ते घ्यायचं, जड वांग्यात बिया. तेलाचा हात लावून सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचायचं, नाहीतर फटकन फुटतं आणि गॅसचा सत्यानाश. साल काळी झाली म्हणजे भाजलं असं नसतं, देठाजवळ सुरी घालून बघा, तिथे कच्चं राहतं आणि तेच दाताखाली येतं. भाजून झाली की डब्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, वाफेने साल आपोआप सुटते. आणि कृपा करून नळाखाली धुऊ नका, धुराचा सगळा वास वाहून जातो, हात पाण्यात बुडवत बुडवत सोला.

हे सगळं सकाळी होऊन जातं. मिरच्या शंभर ग्रॅम (खानदेशी माणसं असतील तर दीडशे) तव्यावर जरा तेलात भाजून लसणाबरोबर ठेचायच्या, त्यातच वांगी घोटायची. तिकडे त्यासाठी लाकडाची बडगी असते, इथे मोठं पातेलं आणि रवी किंवा जाड तांब्या. मिक्सरमध्ये घातलंत तर भरीत होत नाही, चटणी होते. पाहुणे आल्यावर शेवटची फोडणी, पाव लिटर तेल, मोहरी-जिरं, शेंगदाणे दोन मुठी, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात दोन जुड्या, आणि वांगं घालून पाच मिनिटं. संपलं! लहान मुलांचं मात्र मिरची घालायच्या आधीच वाटीत बाजूला काढा. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. पण थांबा, ३० भाकऱ्या थापत बसलीत तर मी वर जे सगळं लिहिलं ते फुकट. भाकऱ्या सरळ पोळी-भाकरी केंद्रातून किंवा बचत गटाच्या बायकांकडून मागवा, कळण्याची नाही मिळाली तर ज्वारीची, आदल्या दिवशी आकडा सांगितला की वेळेवर गरम देतात. विकतच्या भाकरीला नाक मुरडणारा पाहुणा असेल तर त्याच्या हातात पिठाची परात द्यायची.

अजून एक, उरलेल्याचं काय करायचं ते तुमच्या कुठल्याच कृतीत नसतं. १५ जणांचं करताना उरतंच, कुणी ना कुणी ऐनवेळी येत नाही. भात पातेल्यात रात्रभर ओट्यावर तसाच राहू देऊ नये, पाहुण्यांची जेवणं झाली की दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये टाकावा, उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोटं बिघडतात आणि नाव येतं पाहुणचाराचं. उरलेल्या पावभाजीत ज्वारीचं आणि बेसन पीठ घालून दुसऱ्या दिवशी थालीपीठ लावा, तेव्हा घरात आपण चारच असतो, मग लावा की हवी तितकी. भरीत कधी उरल्याचं मला आठवत नाही.

तर विनंती अशी की पुरवणीच्या पानावर महिन्यातून एखादी तरी कृती १५ जणांची द्या, ग्रॅममध्ये, पातेलं केवढं ते लिहून, आदल्या दिवशी काय आणि आयत्या वेळी काय असं वेगळं करून. नवीन संसार मांडलेल्या पोरापोरींना तर ते फारच उपयोगी पडेल, त्यांच्या घरी चमचे सहा असतात आणि मित्र येतात १२. झुकिनीचं पण छापा अधूनमधून, माझा राग नाही तिच्यावर.

डिसेंबरच्या आत सुरू केलंत तर सोलापूर-नगरकडचा हुरडा आणि रायगडची पोपटी पण घ्या. पोपटी मी खाल्लीये, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरतात, पाण्याचा थेंब न घालता, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. पण शेंगांना मीठ आणि ओवा किती लावायचा ते तिथल्या एकानेही मला धड सांगितलं नाही, सगळे म्हणतात "अंदाजाने". अलिबाग-पेणकडच्या कुणा वाचकाने एका मडक्याचं प्रमाण चमच्यात कळवलं तर तेवढं नक्की छापा.

आपली,
एक नियमित वाचक, चिंचवड