आबांनी तुझं नाव घेतलं

प्रिय दिगू,

सप्ताह परवाच उठला. मंडपाचे बांबू अजून देवळामागे पडलेत. घडलं ते इथे कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय. घरात सांगितलं तर ‘म्हातारं माणूस, चालायचंच’ एवढ्यावर विषय संपतो. फोन केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला वाद घालतोस. कागदावर मला निदान शेवटपर्यंत बोलता येईल.

माझी तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गोळी चालू.

आता ऐक. यंदा हरिपाठाला मृदंगावर आबांची नात होती, धाकट्याची मुलगी. तू तिला रांगताना पाहिली असशील, आता बारावीला आहे. थोडं तालुक्याच्या क्लासला शिकली, बाकी सगळं मोबाइलवर बघून. हात स्वच्छ आहे, बोल सुटासुटा ऐकू येतो, लय जराही हलत नाही. मुलीच्या गळ्यात मृदंग बघून एक-दोघांनी नाकं मुरडली. त्यांना आबांनीच गप्प केलं. म्हणाले, “गळ्यात माळ आहे ना तिच्या? मग मृदंग का नको?”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपली ती जुनी चाल लागली. पाउली रंगात आली होती. आबा खांबाला टेकून खुर्चीत बसलेले. मध्येच त्यांनी हात वर केला, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. मग त्यांनी काठी फरशीवर आपटली. सगळे टाळ थांबले.

“पुन्हा.”

तोच शब्द, तोच आवाज. किती वर्षांनी ऐकला! तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा काठी. पोरीचा बाप तिकडे लालबुंद, चारचौघांत मुलीचा अपमान झाला म्हणून. पण पोरगी बघ, ती खुर्चीजवळ जाऊन खाली बसली आणि म्हणाली, “आबा, काय चुकतंय ते सांगा.” आबा तोंडाने बोल म्हणायला लागले, पण दात नाहीत, काही कळेना. मृदंग मांडीवर घेतला तर उजवा हात नुसता थरथरत राहिला. मग मृदंग तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, “दिगूला विचार. त्याच्या हातात आहे ते.”

दिगू, मंडपात निम्म्या लोकांना दिगू कोण तेच माहीत नव्हतं.

दिवे घाटात तू ती सिनेमाची चाल लावलीस आणि आबांनी तुझ्या गळ्यातला मृदंग उतरवून घेतला, त्यानंतर त्यांच्या तोंडून तुझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तूही नंतर दिंडीत आला नाहीस. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, यावर आपण सासवडच्या मुक्कामात रात्रभर भांडलो. “पेटी तरी कुठे ज्ञानोबांच्या वेळची आहे? साहेबाच्या देशातून आलेली पेटी चालते आणि माझी चाल बाटवते होय?” असं तू म्हणाला होतास. ते वाक्य माझ्या लक्षात राहिलंय, कारण त्यातलं अर्धं मला तेव्हाही पटलं होतं. उरलेलं अर्धं आजही पटत नाही.

त्या रात्री अंथरुणावर पडून मी ती चाल मनात पुन्हा पुन्हा म्हटली आणि काय गेलंय ते सापडलं. पायाची जागा, दिगू! पाऊल मागे घेऊन पुढे टाकताना आबा हात उचलायला लावायचे ना, ती. “तिथं वाजवू नका रे, तिथं पाऊल वाजतं.” पोरगी नेमकी तिथे एक तिरकिट भरते. कानाला सुरेख लागतं. पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पायांकडे बघत उभा राहिलो. जुनी माणसं त्या जागेला थांबतात, नवी पोरं तिरकिटाबरोबर पुढे सरकतात, आणि रांग दर फेरीला थोडी थोडी विस्कटत जाते. ती ज्यांचं बघून शिकली ते सगळे स्टेजवर मांडी घालून वाजवणारे. बसून वाजवणाऱ्याला पायाची जागा कशी कळणार?

तू म्हणशील, आला हा परंपरेचा झेंडा घेऊन. तसं नाही. वारीत काय बदललं नाही? तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत. पुढे शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतबाबा आरफळकर आले आणि त्यांनी माउलींचा सोहळा लष्करासारखा लावला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, तंबू, चोपदार, रथापुढे सत्तावीस दिंड्या, सगळं ठरलेल्या क्रमाने. आज जिला आपण अनादि परंपरा म्हणतो ती बरीचशी एका शिपाईगड्याने बसवलेली शिस्त आहे. घराघरांतून शिकणं पुरेना म्हणून जोगमहाराजांनी 1917 मध्ये आळंदीला शिक्षण संस्था काढली. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, कीर्तन काय शाळेत शिकायची गोष्ट आहे?

आणि चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारात, पण त्यांच्या माणसांना आत जायला 1947 उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पातांचे हक्क 2014 मध्ये गेले. यातलं काही बुडालं म्हणून मला हळहळ वाटत नाही. उलट जे अभंगात शेकडो वर्षं म्हणत होतो ते थोडंफार खरं झालं. तेव्हा बदलाची मला भीती नाही.

कणकेचंही सांगतो. पोरीच्या मृदंगाला डावीकडे तयार पुडी आहे, कणीक लावावीच लागत नाही. आपण दोघं पहाटे ती मळायचो. सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर ठणाणतो, म्हणून आबा अंगठ्याने दाबून बघायचे. वाजवून झालं की खरवडून काढायची आणि पुडी पुसून ठेवायची. (एकदा ती खरवडलेली कणीक तू चुलीत भाजून खाल्लीस आणि काल्यापर्यंत पोट धरून बसलास, ते आमच्या आईने मरेपर्यंत सांगितलं.) कणीक गेली याचं मला काही नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, “पावसात बरं पडतं, कणीक विरघळत नाही.”

आबांनी स्वतःही कमी बदल केलेले नाहीत. त्यांच्या गुरूंची चाल याहून संथ होती. लाउडस्पीकर आला, मागच्या दिंडीच्या आवाजात आपला आवाज बुडायला लागला, तशी आबांनी लय चढवली. हे त्यांनीच मला सांगितलंय. लय चढवली, पण जागा सोडली नाही. काय सोडायचं आणि काय धरायचं हे त्यांना कळलं, कारण ते त्या चालीवर आळंदी ते पंढरपूर चालले होते आणि चुकलं की ‘पुन्हा’ म्हणणारा माणूस शेजारी होता. माझा जीव अडकलाय तो या शेजारच्या माणसापाशी. पोरीला तो मिळाला नाही. तिला हजार जणांचं वाजवणं बघायला मिळालं, पण तिचं ऐकून थांबवणारा एकही नाही. वारीत मुक्कामाला पोचल्यावर समाजआरतीला ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवतच राहते आणि चोपदाराला तिच्यापाशी जावं लागतं. आबांची काठी मला तशी वाटली. तक्रार ऐकायला कुणी जायला नको का?

पुतण्या म्हणाला, आबांची जुनी रेकॉर्डिंग आहेत, ती ऐकेल की. ऐकली तिने. पण टेपवर ती जागा म्हणजे नुसतं काही न वाजणं. आबांच्या हातून राहून गेलं असेल असं समजून तिने ती भरून काढली. तिची चूक कशी म्हणू? मी टाळकरी. मला जागा ऐकू येते, पायाने दाखवता येते, पण डावा हात कुठून उचलायचा ते दाखवता येत नाही. ते तुलाच येतं.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मुलाला नोकरी लागल्याचं कळलं, आनंद झाला. घराचं काय ठरलं ते कळव.

आता मुद्द्याचं. तिची परीक्षा मार्चात संपते. त्यानंतर चार-आठ दिवस काढून ये. गुढीपाडव्याला आलास तर उत्तम, पण आषाढीपर्यंत लांबवू नकोस, आबांचा भरवसा नाही. ते दुपारी चारनंतर जागे असतात. उजवा कान गेलाय, डावीकडे बस. घाटातली गोष्ट तू काढू नकोस, तेही काढणार नाहीत. पोरीला मी सांगून ठेवलंय, ती तुझा नंबर मागत होती. मी दिला नाही. म्हटलं, फोनवर नको, काका येऊन शेजारी बसून शिकवतील.

मृदंग इथला वाजव, पण येताना तुझे टाळ घेऊन ये. माझ्या टाळांची दोरी तुटलीय आणि तशी सुताची दोरी आता इकडे मिळत नाही.

तुझा,
शिवा