खडूने आखलेला दिवाणखाना

दांडिया बाजार, बडोदे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या पाच महिन्यांत आपण आमच्या दिवाणखान्यासाठी जे केलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानण्याचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आपण "आधी चहा टाका, सूनबाई" असे म्हणून विषय बदललात. मानधनाचे पाकीटही आपण उंबऱ्यावरूनच परत केलेत. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही कोणालाही वाचता यावे असे. कारण बडोद्याच्या जुन्या वस्तीत आमच्यासारखी कितीतरी मराठी घरे आहेत, जिथे बैठकीची खोली जुनाट दिसू लागली की सारे तोडून नवे करण्याचाच सल्ला मिळतो.

आमची खोली कशी होती, हे आपण पाहिले आहेच, पण इतरांसाठी सांगते. सतरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. 1996 साली मामंजींनी मोठ्या हौसेने तिचे रूप पालटले होते: पूर्वेच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत गडद तपकिरी सनमायकाची शोकेस, तिच्यात टीव्ही, पश्चिमेच्या खिडकीखाली रेग्झिनचा सोफा, मखमली पडदे आणि वरती प्लायवूडचे खोटे छत. त्या काळी गल्लीतले लोक ती खोली पाहायला येत असत, आणि मामंजींच्या त्या हौसेबद्दल मला आजही आदरच वाटतो. पण शोकेसमुळे पूर्वेची खिडकी कायमची बंद झाली होती, उन्हामुळे पश्चिमेची खिडकी आम्हीच बंद ठेवत होतो, आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की खोली अंधारी आहे, हेच कोणाच्या ध्यानात येत नव्हते.

आपल्याआधी आम्ही एका ठेकेदाराला बोलावले होते. त्याने साडेचार लाखांचा अंदाज दिला. त्यात रंगीत दिव्यांचे पीओपीचे छत होते, इंग्रजी एल आकाराचा सोफा होता, टीव्हीमागे चकचकीत पॅनेल होते, आणि माळ्यावर सुटा करून ठेवलेला सासूबाईंचा सांखेडा गावचा लाखेच्या रंगाचा लाकडी झोपाळा भंगारात देण्याची सूचनाही होती. खोलीत कोण बसते, कोण कुठून कुठे जाते, यातले त्याने काहीच विचारले नाही. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपल्या दारी आले.

आपण आलात तेव्हा हातात मेजर टेप, खडूची पेटी आणि रद्दीचा गठ्ठा होता. आपला पहिला प्रश्न होता, "गणपती कुठे बसतो?" आणि दुसरा, "वहिनी कुठे बसतात?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कसेबसे दिले: जेवणाचे टेबल ओढून शोकेसपुढे आणतो, त्यावर मखर मांडतो, आणि आरतीला आलेली निम्मी माणसे दाराबाहेर उभी राहतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही सगळेच गप्प झालो. सासूबाई तीन वर्षांपासून दिवाणखान्यात बसतच नव्हत्या. पाहुणे आले की आतूनच नमस्कार करायच्या, आणि वयामुळे त्यांना गर्दी नकोशी झाली असावी, असे आम्ही धरून चाललो होतो. आपण टेप काढून सोफ्याच्या बैठकीची उंची मोजलीत: पंधरा इंच. मग त्यांची परवानगी घेऊन गुडघ्यापर्यंतची उंची मोजलीत: सतरा इंच. बैठक गुडघ्याच्या खाली गेली की उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो, आणि माणूस एकदा चारचौघांत उठता उठता धडपडला की पुन्हा तिथे बसायला जात नाही, हे आपण शांतपणे सांगितलेत. मी एकविसाव्या वर्षी या घरात आले. इतक्या वर्षांत त्यांना मी ओळखते असे मला वाटत होते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे आपल्याला ठाऊक नाही.

त्यानंतर आपण जे केलेत, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. खोलीतले सामान आतल्या खोल्यांत हलवायला लावून आपण रिकाम्या फरशीवर खडूने रेघा ओढल्यात. बाहेरचे दार आणि स्वयंपाकघराचे दार हे दोन्ही खोलीच्या पश्चिमेकडच्या अंगाला आहेत, पण नेमका तिथेच सोफा असल्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वळसा घालून सोफा आणि टीव्ही यांच्यामधून जावे लागत होते. दर वेळी बसलेल्याने पाय आखडून घ्यायचे आणि टीव्ही पाहणाऱ्याने मान वाकडी करायची. आपण पश्चिमेच्या भिंतीलगत सरळ तीन फुटांची वाट आखलीत आणि "हा रस्ता, इथे स्टूलसुद्धा ठेवायचे नाही" असे बजावलेत. सोफ्याच्या, खुर्च्यांच्या, टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रे कापून फरशीवर अंथरलीत. सोफा आणि टेबल यांच्यात अठरा इंच ठेवलेत, म्हणजे कप हाताशी राहतो आणि गुडघेही आपटत नाहीत. मग आठ दिवस काहीही विकत घ्यायचे नाही, फक्त या कागदांच्या कडेकडेने वावरायचे, असे सांगून आपण निघून गेलात. त्या आठ दिवसांत आम्ही दोनदा कागद सरकवले. मुलाने स्वतःच टीव्ही आपल्या खोलीत नेण्याची तयारी दाखवली, कारण तो ठेवायला दिवाणखान्यात जी जागा उरत होती, तिथेच गणपती बसायला हवा होता. कागद सरकवायला पैसे लागत नाहीत; बनवून घेतलेला सोफा जागेत बसला नाही, तर मात्र काहीच सरकवता येत नाही.

खोट्या छतावर टिचक्या मारून आपण वर पोकळी असल्याचे ओळखलेत आणि ते उतरवायला लावलेत. त्याच्या आड सागाच्या तुळया होत्या, आणि दोन तुळयांना झोपाळ्याचे चार लोखंडी हूक जसेच्या तसे होते. ते पाहून सासूबाई आतून उठून आल्या. आपण मात्र लगेच झोपाळा टांगू दिला नाहीत. मिस्त्रीकडून दोन्ही तुळया ठोकून, टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून वाळवीची तपासणी करून घेतलीत, हूक बदलून आरपार बोल्ट बसवलेत, आणि आमच्यापैकी चौघांना एकदम त्यांना लोंबकळायला लावलेत. झोपाळ्याच्या पुढेमागे अडीच-अडीच फूट मोकळे सोडायचे म्हणून खुर्च्यांची जागा पुन्हा बदलली.

सांखेड्याला आपण माझ्याबरोबर आलात, त्या दिवसाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. बडोद्यापासून सुमारे 45 किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठचे ते गाव. झोपाळ्याचे दोन कातीव दांडे तुटले होते आणि लाखेचा रंग जागोजागी उडाला होता. खरादी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात, हे मी प्रथमच पाहिले. नक्षी कथलाच्या भुकटीने काढतात. ती रुपेरी असते, आणि अकिकाच्या दगडाने घोटून वर लाखेचा थर दिला की सोनेरी दिसू लागते. ज्या वस्तूला आम्ही वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर धूळ खात ठेवले, तिच्या मागे इतके हात असतात, हे मला माहीत नव्हते. परतताना आपण म्हणालात की एवढी रंगीत वस्तू खोलीत येणार असेल, तर भिंतींनी गप्प बसावे. म्हणूनच पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटच्या जागी आता किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा रंग आहे.

त्या रंगाने आमचा धीर मात्र खूप पाहिला. पश्चिमेच्या भिंतीला ओलीमुळे लोणा, म्हणजे खार, लागला होता आणि मला गणपतीपूर्वी सारे झकपक हवे होते. आपण ठाम नकार दिलात. आधी भिंतीतला गळका नळ दुरुस्त करायचा, ओल कोंडून धरणारा ऑइलपेंट खरवडून काढायचा, पावसाळा संपून भिंत पुरती वाळू द्यायची आणि मगच पुट्टी लावायची. यंदा गणपती खरवडलेल्या भिंतींमध्ये बसले, पण आरतीला आलेले एकूण एक माणूस खोलीच्या आत उभे होते. रंग दिवाळीआधी लागला, आणि अजून कुठेही पापुद्रा सुटलेला नाही.

याच काळात एका रविवारी आपण आम्हाला रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात घेऊन गेलात. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो वाडा मी शाळेत असताना पाहिला होता, पण चित्रांनी भरलेल्या भिंतींकडे पाहताना आपण जमिनीकडे बोट दाखवलेत. बसायची सोय बैठकीची, म्हणजे खालीच. नजरेच्या आड येणारे काही नाही, म्हणून भिंती एवढ्या बोलू शकतात. आमच्याकडे भिंतही भरलेली होती आणि जमीनही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. शोकेसची सागाची चौकट वाया न घालवता तिच्यातून पूर्वेच्या खिडकीखाली पुस्तकांचे बुटके कपाट झाले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लागली, म्हणजे ऊन काचेपर्यंत येण्याआधीच अडते. सोफ्याला तीन इंच उंच सागाचे पाय, 40 डेन्सिटीचा फोम आणि सुती कापड मिळाले. एका ट्यूबलाइटऐवजी आता तीन ठिकाणी उबदार प्रकाशाचे दिवे आहेत, त्यांतला एक वाचनाच्या खुर्चीपाशी. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे आपण सांगितल्यापासून यजमानांनी चष्म्याच्या नंबराची तक्रार थांबवली आहे. हे सारे एक लाख पस्तीस हजारांत झाले.

झोपाळा हलता असला तर वहिनींना त्यावर चढता-उतरता येणार नाही, हेही आपल्याच ध्यानात आले. बैठकीखाली सरकवायचे दोन बुटके लाकडी घोडे आपण स्वतः रंधून आणलेत, आणि बैठकीची उंची बरोबर अठरा इंच ठेवलीत. सासूबाई रोज सकाळी पूर्वेच्या उन्हात त्यावर बसतात. नीट बसल्या की स्वतःच हाक मारून घोडे काढायला सांगतात, आणि उठायच्या आधी पुन्हा लावून घेतात. परवा शेजारच्या हळदीकुंकवाच्या बायका आमच्या घरी आल्या, तेव्हा सासूबाईंनी दिवाणखान्यात बसून प्रत्येकीची चौकशी केली. दोघींना त्यांनी आपल्या शेजारी झोपाळ्यावर बसवून घेतले.

आपला मेजर टेप खिडकीखालच्या कपाटावर राहिला आहे. तो आम्ही पोहोचवणार नाही, असे सासूबाईंनी ठरवले आहे. तो न्यायला आपण काकूंना घेऊन यावे, आणि चहा टाकण्याआधी मला दोन शब्द बोलू द्यावेत, ही विनंती.

आपली,
दांडिया बाजारातली सूनबाई