चार नंबर मशीन आणि मामा

बोरिवली, रविवार

प्रिय बंड्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. दिवाळीत तुझा फोन राहिला तो राहिलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण ही गोष्ट अंगठ्याने लिहिण्यासारखी नाही, आणि आपल्या ग्रुपवरचं काय कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. म्हणून कागद. आई बरी, गुडघे तसेच. माझं बीपी गोळीवर गप्प आहे. झालं.

गाळ्यातल्या आपल्या मामांबद्दल आहे.

छोटे शेठ आल्यापासून प्लास्टिक मोल्डिंगच्या आपल्या गाळ्यात रोज नवीन काहीतरी असतं. आधी युनिफॉर्म, मग अंगठ्याची हजेरी, आता प्रॉडक्शन मॉनिटरिंग. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, किती नग, किती सेकंदांना एक, सगळं भिंतीवरच्या टीव्हीवर आणि शेठच्या मोबाईलवर. टीव्ही लावला त्या दिवशी मामांनी विचारलं, "मॅच लागणार का?" बसवायला पुण्याहून एक पोरगा आला होता. हुशार, पण पुण्याचा. चहा घेणार का विचारलं तर म्हणे, "माझा दुपारचा झालाय." (तू आता चाकणवाला, लागू दे मनाला.)

आपली जुनी मशीनं तुला माहीत आहेत. पीएलसी, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर नाही, नुसते रिले आणि लिमिट स्विच. पोराने आधी सोपा मार्ग धरला. पंपाच्या मोटरच्या वायरवर करंट मोजणारा सीटी अडकवला, करंट दिसला म्हणजे मशीन चालू. अकराच्या अकरा मशीनं रात्रभर हिरवीगार! छोटे शेठ खूश, मोबाईल घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. मी पोराला बाजूला घेतलं. म्हटलं, बाळा, हायड्रॉलिक मशीन नुसतं उभं असलं तरी पंप फिरतच असतो. माल निघतोय की नाही ते करंट बघून कळायचं नाही. मोल्ड बंद होतो तिथल्या लिमिट स्विचचा सिग्नल घे, मध्ये रिले टाक, म्हणजे आपल्या सर्किटला धक्का नाही. त्याने ऐकलं. मग दुसऱ्या गमती. सात नंबरचा स्विच म्हातारा, थरथरतो; मोल्ड एकदा मिटला की तीन नग मोजायचा. एक मोजल्यावर पुढचे दहा सेकंद काही मोजू नको असं घातलं, तेव्हा थांबला. डेटाची वायर हीटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेलेली, हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर पडला की आकडे उड्या मारायचे. वायर वेगळी काढली, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, शील्ड एकाच बाजूला अर्थ केलं. आठ कॅव्हिटीच्या, म्हणजे एका शॉटला आठ नग देणाऱ्या मोल्डची एक कॅव्हिटी आपण कधीपासून बंद ठेवली आहे, तर शॉटला सातच नग धरायचे, हे त्याच्या गावीही नव्हतं. खरं सांगतो, बऱ्याच वर्षांनी कामात मजा आली. तू असायला हवा होतास. भांडलो असतो, पण असायला हवा होतास.

आता चार नंबर. बादलीच्या झाकणाचं, सेमी-ऑटो. अजूनही गेट सरकवून झाकण हाताने काढायचं, गेट लावलं की पुढचा शॉट. रात्रपाळीला तिथे मामाच. तिथला ठरलेला सायकल, म्हणजे एका झाकणाला लागणारा वेळ, ३४ सेकंद, पाळीला साडेआठशेच्या आसपास झाकणं. मामांची पाळी कधी एक नग कमी नाही, तुला काय सांगायचं.

सिग्नल नीट झाल्यावर मी रात्रीचे आलेख बघत बसलो होतो. चार नंबर, तीन वाजून दहा मिनिटांनी थांबतं. पंचवीस मिनिटं सपाट रेघ. मग चालू, पण ३४ ने नाही, ३० ने. थेट सात वाजेपर्यंत ३०. पंचवीस मिनिटांत चव्वेचाळीस झाकणं बुडतात, आणि सकाळपर्यंत तेवढी भरून निघतात, वर दोन-चार जास्तच. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्याही. आणि रिजेक्शन सगळ्या पाळ्यांत त्यांचंच सगळ्यात कमी.

मी एका रात्री गेलो. काय दिसलं असेल ते तू डोळे मिटून सांगशील, कारण ती जागा तुझी. प्लास्टिकच्या दाण्याच्या गोण्या, हॉपरच्या मागे. मोबाईलवर गजर लावून मामा आडवे. गेट उघडं, मोल्ड उघडा, आणि पंप चालू ठेवलेला, आवाज बंद पडून वॉचमन बघायला येऊ नये म्हणून! गजर वाजला, उठले, तोंडावर पाणी मारलं. पहिले दोन शॉट बघितलेही नाहीत, सरळ ग्राइंडरच्या पिंपात. तिसऱ्यापासून चालू. मी खांबाआडून तसाच मागे फिरलो. त्यांना दिसलो नाही.

अप्रेंटिस असताना त्याच गोण्यांवर तू घोरायचास आणि मामा दोन मशीनं सांभाळायचे, हे दुसऱ्या कुणाला सांगून काय समजणार? सुपरवायझर आला तर "तो दाणा आणायला गेलाय." रात्रीचे तीन वाजता, दाणा आणायला! एवढा दाणा या इस्टेटीत कुणी आणला नसेल.

तू म्हणशील, मामांना दिवसपाळी द्या. मीही सुचवलं होतं, दोन वर्षांमागे. नको म्हणाले. मग कळलं. पोराचं लग्न झाल्यापासून ते रात्रपाळीच मागून घेतात. जोगेश्वरीची खोली तू पाहिली आहेस, पोटमाळाही नाही. रात्री खोली पोराची आणि सुनेची, मामी पॅसेजमध्ये. दिवसा दोघं कामाला गेली की मामांना अंथरूण मोकळं. पण खालीच वेल्डिंगचं दुकान आलंय, झोप कसली लागते? ती पंचवीस मिनिटं तिथून आली आहेत. आता ते सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहू? मशीन थांबलं की स्क्रीनवर कारण विचारतं. मोल्ड बदल, दाणा नाही, लाइट गेली, बिघाड, क्यूसी तपासणी, ऑपरेटर जागेवर नाही. काहीच दाबलं नाही तर "अज्ञात", लाल रंगात.

थांबणं एक वेळ मी निभावून नेईन. माझी झोप उडवली आहे ती त्या ३० ने.

पोरगा सगळ्यांना समजावत होता, तीन आकड्यांचा गुणाकार. मशीन किती वेळ चाललं, ठरलेल्या वेगाच्या मानाने कसं चाललं, आणि चांगला माल किती. ९० गुणिले ९५ गुणिले ९९, म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास आलं की कारखाना जगात भारी. मूळ हिशोब नाकाजिमा नावाच्या जपानी गृहस्थांचा. छोटे शेठना तो ८५ म्हणजे देव. आणि मधला, वेगाचा आकडा पहाटे चार नंबरवर येतो ११३. परवा पोराचा फोन. "सर, हा शंभरच्या वर जाता कामा नये. तुमचा आयडियल सायकल चुकीचा भरलाय. मी ३० करून टाकू का?"

करून टाकू का! एक बटण दाबायचं, की उद्यापासून तिन्ही पाळ्यांना ३०. दुपारपाळीच्या त्या बिहारच्या पोरांनाही ३०. त्यांचे सगळेच आकडे लाल, आणि छोटे शेठ विचारणार, "मामा कर सकते हैं तो तुम क्यूं नहीं?"

ते ३० कुठून येतं, हे तुला कळेल. पहाटे कूलिंग टॉवरचं पाणी दिवसातलं सगळ्यात गार, त्यात हा जानेवारी. मामा बोट लावून पाणी बघतात आणि कूलिंग दोन-अडीच सेकंद कमी करतात. उरलेलं त्यांचा हात. गेट, झाकण, गेट. मे महिन्याच्या दुपारी ३० लावून बघ, झाकण पापडासारखं वाकून बाहेर येईल. तो ३४ आपण मे महिना धरून ठरवला होता, आठवतंय ना? तू ३३ म्हणत होतास आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. सॉफ्टवेअरला मे माहीत नाही, पाण्याचं तापमान माहीत नाही. ते मी देणार आहे. टॉवरच्या लाइनवर एक सेन्सर टाकला की त्याच आलेखावर पाण्याची रेघही दिसेल. शेठना रेघा समजतात. मोटरच्या करंटवर भागवलं असतं तर यातलं काहीच उजेडात आलं नसतं, हे तू म्हणणार. पण खोटं हिरवं मला बघवत नाही. आजही मी लिमिट स्विचच सांगेन.

माझे आजोबा १९२८ च्या संपाचं सांगायचे. दोन सांच्यांवर, म्हणजे मागांवर, एक माणूस होता, तिथे तीन घे म्हणाले. कारण काय, तर कुणीतरी चालवून दाखवले होते. सहा महिने गिरण्या बंद. तू लगेच १८ जानेवारी १९८२ काढशील, आणि संपाने तुमच्या घराचं काय झालं ते. नको काढूस. त्या भांडणात आपण दोघांनी आपापल्या बापाची बाजू घेतली, आणि ते दोघे मात्र शेवटपर्यंत एकत्र पत्ते खेळत होते.

तर मी असं ठरवलंय. पाण्याचा सेन्सर, ३४ आहे तिथेच, आणि कारणांच्या यादीत एक नवीन बटण, "विश्रांती". ती धरायची ठरलेल्या सुट्टीत, म्हणजे हिशोबातून बाहेर. आयटीआयला १९४८ चा फॅक्टरी कायदा घोकला होता तो उगाच नाही. त्यात होतं, पाच तासांच्या वर सलग काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी. आपल्या गाळ्यात रात्री ती कुणाला मिळाली? डबा एका हाताने, गेट दुसऱ्या हाताने. मामा अर्ध्या तासापेक्षा पाच मिनिटं कमीच घेतात.

अडतंय ते मामांपाशी. ते बटण त्यांनी स्वतः दाबायला हवं. आणि ते दाबणार नाहीत. "मी झोपत नाही रे, डोळे मिटतो," हे त्यांचं आपल्याला पाठ आहे. एवढ्या वर्षांत एक नग कमी नाही दिला, त्या माणसाला मी कसं सांगू, की मामा, मला तुमची पंचवीस मिनिटं माहीत आहेत, रोज, सेकंदासकट? मी आता त्यांचा साहेब आहे. ते मला "साहेब" म्हणतात, चारचौघांत. एकटे असलो तरी.

तुला नाही म्हणत. तुला अजून "बंड्या, गाढवा" म्हणतात. म्हणून हे पत्र. पुढच्या सोमवारी छोटे शेठ रात्रीचे आलेख उघडणार आहेत, तोवर पोराला मी ३० करू दिलेलं नाही. त्याआधी मामांना फोन कर. दुपारी नको, संध्याकाळी सहानंतर, उठलेले असतात. माझं नाव घे किंवा नको घेऊस, तुझं तू ठरव. गोण्यांवरून सुरुवात कर, तुझ्या घोरण्यावरून. सेन्सरचं सांग, पाण्याचं सांग, त्यांना आवडेल. बटणाचं शेवटी.

बाकी तुझं काय? मोशीचा फ्लॅट ताब्यात आला का, की बिल्डर अजून गणपतीचीच तारीख दाखवतोय? छकुलीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार, त्यांनी पाठवलेला मसाला संपला, हे मुद्दाम सांगायला सांगितलंय.

तुझा,
पक्या

ता.क. माझा व्हर्निअर तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, केसवर माझं नाव खरवडलेलं आहे. येताना आण.